चेंडू थांबला की अमेरिका मैदानात येते

इंग्लिश प्रीमियर लीगचा कुठलाही सामना लावा आणि पहिल्या कॉर्नरची, म्हणजे मैदानाच्या कोपऱ्यावरून मिळणाऱ्या किकची, वाट पाहा. गोलरक्षकाच्या अगदी पुढ्यात दोघं-तिघं उभे असतात. पाच-सहा जण गोलाच्या लांबच्या खांबापलीकडे घोळका करून थांबलेले असतात. कोणी कोणाला रेटत असतो, कोणी चेंडूकडे पाठ करून नुसताच वाटेत उभा असतो. कॉर्नर घेणारा हात वर करतो आणि घोळका एकदम फुटतो. पुढच्या दोन सेकंदांत कोणीतरी मोकळा होतो, उडी मारतो आणि डोक्याने चेंडू जाळ्यात घालतो. चार वेळा रिप्ले पाहिला तरी एवढ्या गर्दीत हा माणूस मोकळा राहिलाच कसा, हे कळत नाही. आर्सेनलचा सामना असेल तर कॅमेरा मुख्य प्रशिक्षक मिकेल आर्टेटाला सोडून शेजारच्या एका माणसाकडे वळतो. तो निकोलास जोव्हेर. कॉर्नर, फ्री-किक आणि थ्रो-इन एवढंच त्याचं खातं. २०२१मध्ये तो मँचेस्टर सिटीतून आर्सेनलला आला. २०२३-२४च्या मोसमात आर्सेनलने लीगमध्ये कॉर्नरवरून १६ गोल केले आणि स्पर्धेच्या तोपर्यंतच्या विक्रमाशी बरोबरी साधली.

त्या गर्दीतल्या बऱ्याच हालचाली मुळात फुटबॉलच्या नाहीत. त्यांची पाळंमुळं बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये सापडतात. खेळ सुरू असताना मात्र, म्हणजे मोद्रिच किंवा पेद्रीसारखा मधल्या फळीतला खेळाडू चेंडू पायात घेऊन वळतो तेव्हा, अमेरिकेची छाप जवळजवळ दिसत नाही. असं का होतं, हे कळलं की गेल्या पंधरा-वीस वर्षांत फुटबॉल कसा बदलला आणि पुढे कुठे जाऊ शकतो, हे बरंचसं उलगडतं.

## थांबणारे खेळ आणि वाहता खेळ

आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, त्यामुळे यातला अर्धा भाग आपल्याला ओळखीचा आहे. क्रिकेटमध्ये दर चेंडूनंतर खेळ थांबतो. कर्णधार क्षेत्ररक्षण हलवतो, गोलंदाजाशी बोलतो, मग पुढचा चेंडू. बेसबॉल असाच आहे आणि अमेरिकन फुटबॉल तर याहून टोकाचा.

अमेरिकन फुटबॉलमध्ये संघात ५३ खेळाडू असतात आणि मैदानात एका वेळी ११. आक्रमणाचे ११ वेगळे, बचावाचे ११ वेगळे, चेंडूला लाथ मारायच्या प्रसंगांसाठी आणखी वेगळे. प्रत्येक चाल काही सेकंदांत संपते. मग सगळे थांबतात, पुढची चाल ठरते, सगळे पुन्हा आपापल्या जागी उभे राहतात. घड्याळातल्या ६० मिनिटांच्या सामन्याला तीन तास लागतात आणि त्यात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण ११ मिनिटं. उरलेला वेळ विचाराचा, म्हणजे प्रशिक्षकाचा. १९९४पासून तर प्रशिक्षकाला क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या रेडिओवरून थेट कानात बोलता येतं. सॅन फ्रान्सिस्को फॉर्टी-नाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श तर सामन्याच्या सुरुवातीच्या चाली आधीच क्रमाने लिहून ठेवत.

फुटबॉलमध्ये हे जमणार कसं? ४५ मिनिटं खेळ सलग चालतो, हक्काचा टाइमआउट नाही, बाहेर गेलेला खेळाडू परत येत नाही. समोरच्या टोकाच्या विंगरला, म्हणजे कडेने खेळणाऱ्या आक्रमकाला, हाक मारायची तर प्रशिक्षकाचा आवाज प्रेक्षकांच्या गलक्यात विरून जातो. म्हणून त्याची ताकद आठवडाभराच्या सरावात असते. शिट्टी वाजली की निर्णय खेळाडूंचे.

या वाहत्या खेळातही काही क्षण असे येतात की चेंडू थांबतो, दोन्ही संघ जागा घेतात आणि एकाला ठरवून चाल करता येते. कॉर्नर, फ्री-किक, थ्रो-इन, किक-ऑफ. यांना मिळून सेट-पीस म्हणतात. तेवढ्या काही सेकंदांपुरता फुटबॉल अमेरिकन खेळांसारखा होतो, आणि अमेरिकन विद्या शिरते ती याच फटीतून.

## वाट अडवायची, पण नियमात राहून

बास्केटबॉलमध्ये स्क्रीन नावाची एक साधी युक्ती आहे. माझ्या साथीदारामागे तुमचा बचावपटू लागला आहे. मी त्या बचावपटूच्या वाटेत जाऊन खांबासारखा उभा राहतो. त्याला मला वळसा घालावा लागतो आणि तेवढ्यात माझा साथीदार सुटतो. दादरला लोकलमधून उतरताना पुढचा मित्र दारात पाय रोवून उभा राहतो आणि आत घुसणाऱ्यांना क्षणभर थोपवतो. त्याच्या आडोशाने मागचा उतरून जातो, ते हेच.

यात नियमाचा एक बारकावा आहे. बास्केटबॉलमध्ये स्क्रीन लावणारा स्थिर हवा. तो सरकत जाऊन धडकला तर फाउल. फुटबॉलच्या नियमावलीतला १२वा नियम जवळपास हेच सांगतो: प्रत्येक खेळाडूला आपल्या जागेवर उभं राहायचा हक्क आहे, आणि वाटेत असणं वेगळं, वाटेत येणं वेगळं. म्हणून कॉर्नरच्या वेळी हुशार संघ चेंडू यायच्या आधीच जागा धरतात. पंचाच्या नजरेला काय दिसतं? एक माणूस आधीपासून उभा आहे आणि दुसरा येऊन त्याला धडकतोय.

कॉर्नरची दुसरी सोय म्हणजे तिथे थेट ऑफसाइड नसतो. एरवी आक्रमकाने चेंडू येण्याआधीच बचावफळीच्या मागे जाऊन उभं राहून चालत नाही, इथे तो गोलरक्षकाला चिकटून उभा राहिला तरी चालतं. आर्सेनलचे खेळाडू लांबच्या खांबापलीकडे जमतात ते यामुळेच. तिथून ते एकदम आत धावतात, तेव्हा बचावपटूंना चेंडू आणि माणूस एकाच वेळी दिसत नाहीत. बुकायो साका किंवा डेक्लन राइसचा चेंडू वळून गोलाकडे येतो. दोघं-तिघं फसव्या धावा घेतात, एक-दोघं वाट अडवतात आणि बचावपटू गाब्रिएल मोकळ्या जागेत उडी मारतो. अमेरिकन फुटबॉलमधल्या पास-चालींची जात हीच: पाच जणांच्या धावा आखलेल्या, त्यांतल्या चार एकासाठी.

हे सगळं उघडपणे अमेरिकेत जाऊन शिकलेला माणूस म्हणजे इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेट. २०१८च्या फेब्रुवारीत ते मिनेसोटाला गेले, तिथे अमेरिकन फुटबॉलची अंतिम लढत म्हणजे सुपर बोल पाहिली आणि एनबीएमधल्या मिनेसोटा टिंबरवुल्व्ह्ज या बास्केटबॉल संघाचा खेळही पाहिला. इवल्याशा जागेत खेळाडू एकमेकांसाठी वाट कशी मोकळी करतात, हे त्यांना हवं होतं. चार महिन्यांनी रशियातल्या विश्वचषकात इंग्लंडचे चार जण कॉर्नरच्या वेळी एकामागे एक आगगाडीसारखे रांगेत उभे राहिले आणि चेंडू येताच चार दिशांना फुटले. बचावपटूंना कोणाला धरावं कळेना. पनामाविरुद्ध जॉन स्टोन्सने डोक्याने दोन गोल केले, दोन्ही सेट-पीसवर. कोलंबियाविरुद्ध हॅरी केनला मिळालेली पेनल्टीही कॉर्नरच्या झटापटीत त्याला पाडल्यामुळे मिळाली. स्पर्धेत इंग्लंडने १२ गोल केले. पेनल्टी धरून त्यातले ९ सेट-पीसचे.

उपांत्य सामन्यात याच विद्येची मर्यादाही दिसली. पाचव्या मिनिटाला किरन ट्रिपियरने फ्री-किकवर गोल केला, म्हणजे थांबलेल्या चेंडूवर इंग्लंड पुढे. पुढचे जवळजवळ दोन तास चेंडू वाहत राहिला आणि हळूहळू क्रोएशियाच्या मोद्रिच, राकितिच, ब्रोझोविच यांच्या ताब्यात गेला. पेरिशिचने बरोबरी साधली आणि जादा वेळेत मांजुकिचने सामना संपवला. मिनेसोटाहून आणलेल्या कुठल्याच चालीत मोद्रिचला उत्तर नव्हतं.

## एका माणसाचं काम चौघांत

चालींपेक्षाही मोठी उसनवारी मला संघटनेत दिसते. अमेरिकन फुटबॉलमध्ये मुख्य प्रशिक्षकाच्या हाताखाली आक्रमणाचा वेगळा प्रमुख, बचावाचा वेगळा, किकच्या प्रसंगांचा वेगळा. फुटबॉलमध्ये पूर्वी एक मॅनेजर, एक सहायक आणि एक गोलरक्षकांचा प्रशिक्षक असला की भागत असे. कॉर्नरचा सराव म्हणजे सामन्याच्या आदल्या दिवशीची शेवटची पंधरा मिनिटं, तीही उरली तर.

आता सेट-पीसचा स्वतंत्र प्रशिक्षक मोठ्या क्लबांत सर्रास दिसतो. लंडनच्या ब्रेंटफर्डने हे फार आधी ओळखलं होतं. जोव्हेरही तिथूनच पुढे गेला. २०२५मध्ये या क्लबने सेट-पीस प्रशिक्षक कीथ अँड्र्यूजलाच मुख्य प्रशिक्षक केलं. वीस वर्षांपूर्वी हे कोणाला खरं वाटलं नसतं. सूचना द्यायला एका वेळी एकानेच रेषेजवळ यावं असा नियम आहे, त्यामुळे कॉर्नर मिळाला की आर्टेटा मागे सरकतो आणि जोव्हेर पुढे येतो. सत्ता कशी वाटली गेली आहे, हे त्या हालचालीत स्पष्ट दिसतं.

## चेंडू वाहतो तेव्हा अमेरिका मोजते

वाहत्या खेळात ठरवून चाल करता येत नसली तरी मोजता येतं. अमेरिकेचं दुसरं देणं ते, आणि ते बेसबॉलमधून आलं. बेसबॉलमध्ये प्रत्येक चेंडू ही सुटी घटना असते, म्हणून हिशेब सोपा. फुटबॉलमध्ये २२ जण सतत हलतात आणि गोल पडतात दोन-तीन. एखादा संघ खरोखर चांगला खेळला की नशिबाने तरला, हे नुसत्या गोलसंख्येवरून कळत नाही.

त्यासाठी एक मापक आलं: एक्सपेक्टेड गोल, थोडक्यात एक्सजी. त्या जागेवरून, तशा परिस्थितीत मारलेले किती फटके आजवर गोलात गेले, यावरून प्रत्येक फटक्याला ० ते १ मधली किंमत द्यायची. शंभरातल्या पाऊणशेहून थोड्या जास्त पेनल्टी गोलात जातात, म्हणून पेनल्टीची किंमत ०.७५च्या जरा वर. पंचवीस-तीस यार्डांवरून मारलेल्या फटक्याची किंमत शंभरात तीन-चार गोलांएवढीच.

हे आकडे समोर आले आणि खेळाडूंच्या सवयी बदलल्या. बास्केटबॉलमध्ये संघांनी हिशेब केला की ना लांब ना जवळ अशा मधल्या अंतरावरून दोन गुणांचे फटके मारण्यापेक्षा तीन गुणांच्या रेषेबाहेरून तरी मारा, नाहीतर पार बास्केटखाली तरी जा. मधले फटके ओसरले. फुटबॉलमध्ये लांबून गोल केला म्हणून जास्त गुण मिळत नाहीत. म्हणून तोच हिशेब उलट्या दिशेला गेला: लांबून मारू नका, आणखी एक पास द्या, जवळ जा. बास्केटबॉलपटू बास्केटपासून लांब गेले आणि फुटबॉलपटू गोलाच्या जवळ आले, दोन्हीमागचं गणित एकच.

या विचाराचं सगळ्यात ठळक उदाहरण लिव्हरपूल. बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या मालकांनी २०१०च्या ऑक्टोबरात हा क्लब विकत घेतला. २००४मध्ये याच मालकांच्या काळात रेड सॉक्सने ८६ वर्षांनी विजेतेपद मिळवलं होतं, आणि आकडेशास्त्रावर त्यांचा ठाम विश्वास होता. २०१२मध्ये त्यांनी इयन ग्रॅहम या भौतिकशास्त्रातल्या डॉक्टरेटधारकाला संशोधनाचं काम दिलं. २०१५मध्ये नवा प्रशिक्षक शोधताना यूर्गन क्लॉपचं नाव पुढे आलं, तेव्हा त्याचा बोरुसिया डॉर्टमुंड संघ जर्मन लीगमध्ये नुकताच सातव्या क्रमांकावर राहिलेला होता आणि मोसमाच्या मध्यात तर तळाला गेला होता. ग्रॅहमच्या हिशेबाने मात्र तो संघ पुष्कळ चांगला खेळला होता, नशीब तेवढं फिरलं होतं. क्लॉप आला. २०१९मध्ये चॅम्पियन्स लीग आणि २०२०मध्ये इंग्लिश लीग, दोन्ही लिव्हरपूलकडे आल्या.

तरी आकड्यांनी क्लॉपचा खेळ शिकवला नाही. चेंडू गमावताच तो परत मिळवायला झडप घालण्याची त्याची पद्धत जर्मनीत घडलेली. अमेरिकेने माणूस निवडायला मदत केली, खेळ त्या माणसाचा होता.

## नॉर्थ कॅरोलायनातली सरावाची शाळा

या विषयावर लिहिताना पुरुषांच्या युरोपीय फुटबॉलपाशी थांबणं अन्यायाचं होईल, कारण अमेरिकन पद्धतीचा सगळ्यात खोल प्रयोग महिला फुटबॉलमध्ये झाला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात अ‍ॅन्सन डोरन्स यांनी १९७९मध्ये महिलांचा संघ उभा केला. त्याच विद्यापीठात बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते डीन स्मिथ, मायकेल जॉर्डनला घडवणारे. डोरन्स त्यांचा सराव पाहायला जात. तिथे सरावातल्या प्रत्येक गोष्टीची नोंद होत असे आणि छोट्याशा खेळातही कोण जिंकलं, कोण हरलं, हे लिहिलं जाई.

डोरन्सनी हे जसंच्या तसं मैदानात आणलं. एकास-एक झुंज, धाव, हेडर, फटके, सगळ्यात गुण, आणि गुणांवरून लावलेली क्रमवारी सगळ्यांना दिसेल अशी. मुलींनी सरावात एकमेकींवर चढाओढ करायची नसते, सांभाळून घ्यायचं असतं, असा तेव्हा समज होता. या पद्धतीने तो मोडला. सामन्यातही संघ तीन आघाडीपटूंसह पुढे सरकून प्रतिस्पर्ध्याला त्याच्याच गोलाजवळ कोंडायचा. अशी दमछाक परवडायची, कारण अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये बदललेला खेळाडू पुन्हा मैदानात येऊ शकतो. विद्यापीठाने त्यांच्या हाताखाली २२ राष्ट्रीय महाविद्यालयीन विजेतेपदं मिळवली. अमेरिकेची नामवंत फुटबॉलपटू मिया हॅम तिथलीच. १९९१मध्ये चीनमध्ये महिलांचा पहिला विश्वचषक झाला तेव्हा अमेरिकेचे प्रशिक्षक डोरन्सच होते. अंतिम सामन्यात नॉर्वेवर २-१ असा विजय मिळाला, दोन्ही गोल मिशेल एकर्सचे.

क्लॉपची झडप सगळ्यांच्या तोंडी आहे. डोरन्स यांचं नाव किती फुटबॉलप्रेमींना माहीत आहे? ते व्हायला हवं.

## पण हे युरोपात आधीपासून नव्हतं का?

होतं, आणि हा आक्षेप रास्त आहे. १९५०मध्ये इंग्लंडच्या हवाई दलातले चार्ल्स रीप पेन्सिल-वही घेऊन स्विंडनच्या सामन्यात चाली मोजत बसले होते. १९७०च्या दशकात कीव्हमध्ये वालेरी लोबानोव्स्की एका शास्त्रज्ञाला हाताशी धरून खेळाडूंच्या हालचालींचा हिशेब करत होते. १९७५मध्ये त्यांच्या डायनॅमो कीव्हने कप विनर्स कप ही युरोपीय स्पर्धाही जिंकली. इटलीचे जानी व्हिओ फ्री-किकच्या असंख्य चाली रचून बसले होते.

तेव्हा अमेरिकेने हे शोधून काढलं, असं म्हणता येणार नाही. रीप आणि लोबानोव्स्की हे एकांडे शिलेदार होते. त्यांच्या वेडाला अमेरिकन खेळांनी कचेरी, पगार आणि हुद्दा असलेलं खातं करून दाखवलं. मालक अमेरिकन आले, तसं ते खातंही युरोपात आलं.

काही गोष्टी तर समांतर वाढल्या असाव्यात. लुईस एन्रिकेचा पॅरिस सँ-जर्मां संघ किक-ऑफ मिळताच चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याजवळ बाहेर मारतो, आणि मग त्या थ्रो-इनवर तुटून पडतो. चेंडू द्यायचा, पण त्यांच्या दारात. २०२५च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात त्यांनी हेच केलं आणि इंटर मिलानला ५-० असं हरवलं. अमेरिकन फुटबॉलमधला पंट, म्हणजे चेंडू सोडून जमीन मिळवणं, याच विचाराचा आहे. पण रग्बीतही तो आहेच.

## मग अमेरिकन प्रशिक्षक का चमकले नाहीत?

कारण अमेरिकन खेळांची विद्या आणि अमेरिकन पासपोर्ट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉब ब्रॅडली यांनी २००९मध्ये अमेरिकेला स्पेनविरुद्ध २-० असा विजय मिळवून दिला आणि स्पेनची ३५ सामन्यांची अपराजित घोडदौड रोखली. २०१६मध्ये ते प्रीमियर लीगमधले पहिले अमेरिकन प्रशिक्षक झाले, तेव्हा स्वान्सीने त्यांना ११ सामन्यांत निरोप दिला. त्यांच्या डावपेचांपेक्षा त्यांच्या अमेरिकन शब्दांचीच चर्चा जास्त झाली, आणि हे मला आजही गैर वाटतं. दुसरे अमेरिकन प्रशिक्षक जेसी मार्श इंग्लंडमधल्या लीड्स क्लबला आले. त्यांची पद्धत साल्झबर्ग-लाइपझिगच्या रेड बुल क्लबांत घोटलेली, म्हणजे मध्य युरोपातली. बास्केटबॉलची स्क्रीन आर्सेनलमध्ये आहे आणि तिथला मुख्य प्रशिक्षक स्पॅनिश आहे, यात विसंगती काहीच नाही.

## यात खेळाची मजा जाते का?

कॉर्नर बघायला कुरूप झालाय, असं अनेकांना वाटतं. मला तसं वाटत नाही. एका कॉर्नरमागे किती विचार आहे हे कळल्यावर तो पाहण्यात वेगळी गोडी येते, आणि कमी पैशांच्या क्लबांना मोठ्यांशी झुंजण्याचं हे सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. माझी काळजी वेगळी आहे. थांबलेला चेंडू प्रशिक्षकाचा असेल आणि वाहता चेंडू खेळाडूंचा, तर थांबे वाढवणारा प्रत्येक निर्णय खेळाडूंच्या हातून काहीतरी काढून घेतो.

तसे निर्णय होऊ लागले आहेत. गोलरक्षकाने दुखापत झाली म्हणून खाली बसायचं आणि तेवढ्यात सगळ्यांनी रेषेजवळ जाऊन सूचना घ्यायच्या, हा आडमार्गाचा टाइमआउट काही वर्षं चालूच आहे. आता फिफाने २०२६च्या अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोतल्या विश्वचषकासाठी प्रत्येक सामन्याच्या दोन्ही अर्धांत तीन-तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती जाहीर केली. हवा थंड असो, मैदानावर छप्पर असो, विश्रांती ठरलेलीच. उकाड्यात खेळाडूंची काळजी घ्यायलाच हवी, त्याबद्दल दुमत नाही. पण साधारण २२व्या मिनिटाला खेळ थांबला की सामन्याचे चार तुकडे होतात आणि प्रशिक्षकाला खेळाडूंशी बोलायला दोन नव्या संधी मिळतात.

म्हणून अशा सामन्यात विश्रांतीनंतरची पाच मिनिटं नीट पाहा. दबावाखाली असलेल्या संघाचा एखादा बॅक अचानक मध्यभागी सरकला, विंगरने बाजू बदलली किंवा मधल्या फळीत एक माणूस वाढला, तर तो बदल त्या तीन मिनिटांत ठरलेला असण्याची शक्यता मोठी. आणि समोरच्या संघात त्या बदलाला बाकावरून निरोप यायच्या आधीच उत्तर शोधणारा खेळाडू दिसला, तर त्याच्यावरून नजर हलवू नका.